आईला कावीळ झाली होती

"तुम्हाला आजार असा काही नाही, ताई. हा पेरिमेनोपॉज आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मला त्यांचा भयंकर राग आला. दीड वर्ष जिवाची नुसती तगमग चालली होती, आणि माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल-नसेल अशी ही पोरगी म्हणते आजार नाही. मग हे काय, हौस आहे का माझी?

पेरिमेनोपॉज म्हणजे पाळी कायमची जाण्याच्या आधीचा काळ. शरीरातलं इस्ट्रोजेन नावाचं हॉर्मोन कमी-जास्त होत शेवटी उतरणीला लागतं. मग कधी दोन महिने पाळी नाही, कधी पंधरा दिवसांत दोनदा. अचानक छातीतून डोक्यापर्यंत आग उठते, तिला हॉट फ्लश म्हणतात. झोप उडते, सांधे धरतात, आणि समोरच्याचं बोलणं ऐकताना उगाचच डोळ्यांत पाणी येतं. यातलं सगळंच्या सगळं मला होतं. वय पन्नास.

तुम्ही म्हणाल, दीड वर्ष काय झोपा काढत होतात? अहो, झोप असती तर काढली असती. मी जळगावची. इथे चैत्र-वैशाखात अंगाची आग झाली तर कोण डॉक्टरकडे जातं? मी ऊन बाधलं म्हणाले. सब्जा भिजवून प्याले, धन्या-जिऱ्याचं पाणी प्याले, गुलकंदाची बरणी संपवली, तळपायांना कांदा चोळला. ऊन गेलं, पावसाळा गेला, दुसरा उन्हाळा येऊन गेला, दुसरी दिवाळी झाली, आग काही जाईना. मार्गशीर्षात दुकानातले आम्ही सगळे भरीत पार्टीला एका शेतात गेलो होतो. बाया शाली गुंडाळून शेकोटीजवळ बसलेल्या, आणि मी स्वेटर काढून बांधावर घाम पुसत उभी. बरोबरची शैला म्हणाली, "मंगलताई, हे ऊन नाही हो. तुम्ही बायकांच्या डॉक्टरकडे जा." तिचं ऐकलं म्हणून मी त्या खुर्चीत बसले होते.

मी सोन्याच्या दुकानात काम करते. बावीस वर्षं मंगळसूत्रांच्या काउंटरला आहे. एसी लावलेला असतो तरी माझ्या हनुवटीवरून घाम टपकायचा, थेट मखमली ट्रेमध्ये. गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघायचं की जणू मी त्याला पितळ विकतेय. एकदा नवरीच्या आईनं दुसऱ्या काउंटरवरून तेच मंगळसूत्र पुन्हा तोलून घेतलं. त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडले. शेठ चांगले आहेत, पण "वहिनी, तुम्हाला आत हिशेबाला बसवू का?" असं त्यांनी दोनदा विचारलं. आत म्हणजे माझं संपलंच. मला माणसं लागतात.

मॅडमनी एचआरटीचं नाव काढलं. हॉर्मोन रिप्लेसमेंट थेरपी. जे हॉर्मोन शरीर बनवेनासं झालं ते बाहेरून द्यायचं. मला इस्ट्रोजेनचं जेल दंडाला लावायचं होतं आणि गर्भाशय शाबूत असल्यामुळे बरोबर प्रोजेस्टेरॉनची गोळी. नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं, ते या गोळीनं आटोक्यात राहतं. त्या म्हणाल्या, "बऱ्याच बायकांना याचा खूप उपयोग होतो. पण सगळ्यांना देता येत नाही. म्हणून आधी सगळं नीट विचारते."

आणि त्यांनी विचारलं. रक्ताची गाठ कधी झाली होती का, लिव्हरचा त्रास, अर्धांगवायू, अंगावरून विचित्र रक्तस्राव. मग, "आई आहेत?"

"नाही. मी नववीत होते तेव्हाच गेली."

"कशानं?"

"कावीळ," मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? नाही. बीपी, शुगर, सोनोग्राफी, रक्त, सगळं ठीक आलं. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, तोही करून घ्या म्हणाल्या होत्या. तो मी "करते, करते" म्हणत पुढे ढकलला. त्या दाबण्याच्या मशीनची मला भीती होती, खोटं कशाला बोलू.

जानेवारीत जेल सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी सकाळी जागी झाले तर सहा वाजले होते. मध्ये एकदाही उठले नव्हते. आमचे हे भुसावळला रेल्वेत, त्यांना पहाटे निघायचं असतं. त्यांनी स्वतःच चहा करून घेतला होता आणि मला उठवलं नव्हतं. मी पलंगावर बसून खुळ्यासारखी हसले. फेब्रुवारीत लग्नसराई होती, मी दिवसभर उभी राहून काम केलं आणि ट्रे कोरडा राहिला. भांडणं कमी झाली. हे म्हणाले, "माझी जुनी मंगल आली बुवा परत." तीन-साडेतीन महिने मी सुखात होते. हे मुद्दाम लिहिते आहे. पुढचं वाचून एचआरटी म्हणजे विष असा समज करून घेऊ नका.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात. माझे आई-वडील दोघंही नाहीत, माहेर म्हणजे धुळ्याची मोठी काकू. ऐंशीच्या पुढची, कानानं थोडी कमी, तोंडानं अजिबात नाही. त्या दिवशी पितरांची घागर भरतात, घागरीवर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबा ठेवतात, चुलीत आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकून गेलेल्यांची नावं घेतात. काकूनं माझ्या आईचं नाव घेतलं, मी नमस्कार केला. आंघोळीनंतर मी दंडाला जेल लावत होते तेव्हा तिनं विचारलं, हे काय? मी सांगितलं. पाळी जाण्याचा त्रास, त्याचं औषध. म्हटलं, डॉक्टरांनी दर महिन्याला छाती तपासायला सांगितलीय, गाठबीठ वाटली तर लगेच कळवायचं.

काकू रसासाठी आंबे पिळत होती. तिचा हात थांबला.

"हाई औषध तू नको लावू, माय."

"का ग?"

"तुनी मायले छातीमा गाठ व्हती."

मी म्हणाले, "काकू, आईला कावीळ झाली होती."

"कावीळ कसानी व? मोठी बिमारी व्हती ती. घरमा तुम्ही तीन पोरी. मायले आसं व्हतं हाई समजतं ते कोन करतं व तुमनासंगे लगीन? तुना बापनी बठ्ठासले शपथ घाली."

मोठी बिमारी म्हणजे कॅन्सर, आणि बापानं सगळ्यांनाच गप्प राहायची शपथ घातली होती. आता तुम्हाला माझ्या अकलेची गोष्ट सांगते. खानदेशात काविळीला माणसं गावोगावचं झाडपाल्याचं औषध आणतात, पथ्य करतात. काविळीला कुणी बाईला मुंबईला नेऊन दोन महिने ठेवतं का? माझ्या आईला नेलं होतं. परत आली तेव्हा ती पोलक्याच्या एका बाजूला फडकं घडी करून घालायची, ते मी दोरीवर वाळताना बघितलं होतं. तिचे डोळे पिवळे नव्हते. मला सगळं दिसत होतं, आणि सदतीस वर्षं मी एकदाही विचारलं नाही. बापानं लपवलं हे खरं, पण मीसुद्धा बघायचं नाकारलं. माझ्या दोघी बहिणींची लग्नं झाली, माझं झालं, सगळ्यांना चांगली घरं मिळाली. बापाच्या दृष्टीनं त्याचं बरोबरच ठरलं.

"तेव्हा किती वर्षांची होती ग ती?"

"त्रेचाळीस."

निघताना काकूनं माझा हात धरला. माझी मुलगी रेणू सत्तावीसची, नाशिकला नोकरी करते, तेव्हा एक स्थळ चांगलं जुळत आलं होतं. काकू म्हणाली, "रेणूले आते सांगू नको. तिनं लगीन व्हऊ दे, मंग सांग." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिचा माझ्यावर जीव आहे, रेणूवरही आहे.

इथून पुढचे तीन आठवडे सांगायची मला लाज वाटते. मी जळगावला आले आणि जेल लावत राहिले. मॅडमना सांगितलं तर त्या बंद करतील, ही भीती. पुन्हा ती आग, पुन्हा तो ओला ट्रे, पुन्हा "आत बसवू का". मी स्वतःला सांगत होते की काकू म्हातारी आहे, तिला काय आठवतंय. रोज सकाळी जेल लावायचे आणि रोज आंघोळीत छाती चाचपायचे. एकदा चाचपायचे, मग पुन्हा, मग आरशासमोर. झोप यावी म्हणून औषध घेतलं होतं, आणि आता त्या औषधापायी मी जागी राहत होते. ह्यांनी विचारलं, काय झालं? मी त्यांच्यावरच खेकसले. शेवटी एका दुपारी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि दवाखान्यात जाऊन बसले.

वेटिंगमध्ये सात-आठ जणी होत्या. बहुतेक पोटुशा, सगळ्या तरण्या. भिंतीवर बाळांचे फोटो. आमच्या वयाच्या बाईसाठी त्या भिंतीवर काही नसतं. दीड तासानं नंबर लागला.

मला वाटलं मॅडम रागावतील. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी जुना कागद काढला, कावीळ या शब्दावर एक रेघ मारली आणि म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या नाही आहात, ताई. मला काविळीनं आणि टीबीनं गेलेल्या खूप आया सांगतात." मग मॅमोग्राफी. दुखली, पण दोन-चार मिनिटांचा खेळ, उगाच घाबरले होते. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मात्र तोंडाला चव नव्हती. रिपोर्ट स्वच्छ आला.

मी म्हटलं, "मग चालू ठेवू ना?"

त्या म्हणाल्या, "आईला कॅन्सर झाला होता म्हणून कुणालाच देत नाहीत, असं नाही. पण तुमच्या आईला कमी वयात झाला होता. त्यामुळे तुमचा धोका मुळातच थोडा जास्त धरायला हवा, त्यात मला भर घालावीशी वाटत नाही. दुसरे उपाय आहेत. ते आधी करून बघू. तरीही तुम्हाला हेच हवं असेल तर मोठ्या तज्ज्ञांचं मत घेऊ, जवळून लक्ष ठेवू. ठरवायचं तुम्ही."

मी चिडले. "मी काय ठरवणार? मी डॉक्टर आहे का? सांगा की सरळ, घे किंवा नको घेऊ!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "ते जेल लावून तुम्हाला झोप लागेल की नाही, हे मला कसं कळणार, ताई?"

ते मला कळत होतं. तीन आठवडे कळत होतं. मी जेल थांबवलं.

त्यांनी दुसरी गोळी दिली. ती मूळची डिप्रेशनची, कमी डोसमध्ये हॉट फ्लश कमी करते. वेड्याची गोळी देताय का म्हणून मी पुन्हा भांडले, मग घेतली. पहिला आठवडा मळमळ झाली. आता आग निम्म्यावर आलीय. निम्मी आहे. रोज पहाटे चारला जाग येते ती येतेच. शेठना मी एक दिवस जाऊन तोंडावर सांगितलं, "मला पाळी जाण्याचा त्रास आहे, अजून वर्ष-दोन वर्षं घाम येणार, मी आत बसणार नाही." बिचारे इतके गोरेमोरे झाले! दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर छोटा पंखा आला. थकवा मात्र आहे. संध्याकाळी जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं. जेल लावलेले ते तीन महिने आठवले की अजूनही जीव तुटतो.

तुमच्यापैकी कुणाची आई खरंच काविळीनं गेली असेल, तर माझं बघून घाबरू नका, डॉक्टर म्हणतील तर खुशाल औषध घ्या. पण आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा आणि विचारा. ती जायच्या आत विचारा.

राहिली रेणू. बहिणींना मी फोनवर सांगितलं, एक रडली, एक म्हणाली मला वाटतच होतं. रेणूला सांगायला मला आणखी महिना लागला. स्थळाची बोलणी चालू होती, काकूचे शब्द डोक्यात होते, आणि खरं सांगते, मी जवळजवळ बापासारखीच वागले असते. मग एका रविवारी नाशिकला गेले आणि तिच्या खोलीत बसून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मुलाला मी सांगेन. तू मध्ये पडू नकोस." तिनं सांगितलं. बोलणी अजून चालू आहेत. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि त्याची धास्ती वाटते, नाही कशी म्हणू?

परवा ती स्वतःहून तिकडच्या डॉक्टरांकडे गेली होती. वेटिंगमधूनच तिचा फोन आला. एक कागद भरून द्यायचा होता.

"आई, आजीची पाळी कितव्या वर्षी गेली ग?"

मला तेव्हाच आग उठली होती. पदरानं मान पुसत मी मनात आकडा शोधू लागले, आणि मग लक्षात आलं.

"नाही ग गेली," मी म्हणाले. "तेवढं जगलीच नाही ती."

फोन ठेवला आणि सदतीस वर्षांत पहिल्यांदा मी आईसाठी पोटभर रडले. घाम येत होता. येऊ दिला.