मुठीतली माती

विहिरीच्या तळाला मी गेलोच नव्हतो. तीस वर्षांत हे कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

केनवडच्या आमच्या मळ्यात वहिनीच्या हातून तांब्याचा गुंड विहिरीत निसटला. तेव्हा तिथं दुसरं कोणी नव्हतं. आईला तिच्या आईनं दिलेला, पाणी भरायचा. दोन दिवस गळ फिरवला, लागला नाही. मग मला उतरवलं. पोहण्यात माझं नाव होतं. मोठा भाऊ काठावरून ओरडला, "तळाची माती आन, तवाच खरं!" आमच्याकडे बुडीचा पुरावा तोच. मूठभर गाळ वर आणला की तळ गाठला.

अर्ध्यात पाणी काळं झालं, कान ठणकले, पायाला काहीतरी गुळगुळीत लागलं. घाबरलो. कपारीतली माती मुठीत घेतली आणि वर आलो.

"काई नाही. तळ साफ हाये."

"मंग गुंडाले पाय फुटले का?" आई वहिनीकडे पाहत म्हणाली. "चालत माहेराले गेला असन."

सगळे हसले. वहिनी हसली नाही. "भाऊजी, नीट पाह्यलं ना तुमी?"

मी मूठ उघडून दाखवली. माती पाहिल्यावर दुसऱ्या कोणी बुडी मारली नाही.

पुढं वहिनीच्या माहेरचं कोणी दारात आलं की आई विचारायची, "गुंड बरा हाये ना?" हळूहळू ती माणसं यायचीच बंद झाली.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या मंडळींबरोबर वाशीमहून गोव्याला गेलो. तिथं समुद्रात बुडी मारली. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. शिकवणाऱ्यानं खांदा धरून खाली नेलं. तळाशी एक बुडालेलं जहाज आडवं पडलं होतं. लोखंड कुठं संपतं आणि शेवाळ कुठं सुरू होतं, कळेना. ज्वारीवरून पाखरं उठावीत तसा पिवळ्या माशांचा थवा जहाजाच्या एका खोलीतून निघाला आणि एका झटक्यात वळला. आवाज फक्त माझ्या श्वासाचा. भोकाभोकात कोणी ना कोणी राहत होतं. माणसांनी सोडलेलं घर, आणि एवढं भरलेलं! हात जोडावेसे वाटले.

एका फुटक्या पिंपातून मासा डोकावला, माझ्याकडे पाहिलं, आत गेला. तेव्हा पायाला लागलेलं ते गुळगुळीत आठवलं. मासाच असेल. एका माशाला भ्यालो होतो मी.

वाकून तळाची वाळू मुठीत घेतली. बोटीत चढेपर्यंत सगळी निसटली.

"मोती गावला का, साहेब?" सोबत्यानं विचारलं. मी रिकामी मूठ उघडून दाखवली.

आई आता नाही. विहिरीला उन्हाळ्यातही दोन पुरुष खोल पाणी असतं, तळ कधी उघडा पडत नाही. गुंड तिथंच असणार. वहिनी साठीची झाली, अजून माझ्या ताटात आधी वाढते. तिच्याआधी हे तुम्हाला सांगतोय, हेही चुकलंच.

वहिनी खरं बोलत होती, खोटा मी होतो, हे भावासमोर आणि तिच्या माहेरच्या माणसांसमोर माझ्या तोंडानं सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो.