मोहरीची वाट

आंबाटोल्याहून मसणात जाणारी वाट मिशनच्या फाटकापुढून जाते. वाट आधीची आहे, फाटक नंतरचं. त्या बाजूची जमीन कुणी घेत नव्हतं, म्हणून ती मिशनला मिळाली. सिस्टर लोकांनी तिथे कौलारू दवाखाना उभारला, मागे चौथीपर्यंतची शाळा काढली आणि फाटकाशी चुन्याने रंगवलेला क्रूस लावला. टोल्यातल्या माणसांनी काही दिवस दुरून पाहिलं. प्रेतं जातात त्या वाटेकडे तोंड करून या बाया सकाळी दात घासतात, याचं त्यांना नवल वाटलं. मग तापाची साथ आली आणि नवल वाटेनासं झालं.

गोदावरीबाई नवरा गेल्यावर तिथे कामाला लागली. चिंध्या आणि कात्र्या उकळायच्या, फरशी फिनाईलने पुसायची, आणि बाळंत होणाऱ्या बाईच्या उशाशी बसायचं. शेवटचं काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण ती नसली की बाया ओरडत, आणि ती असली की तिचा हात धरत. तिच्या मनगटावर नखांचे ओरखडे कायम असायचे. एक बरा होईस्तोवर दुसरा उमटायचा.

विहिरीवर बाया तिला चिडवत. "गोदावरी, गळ्यात क्रूस कधी घालून राहिली?"

"सोन्याचा देतो म्हनले तर तुलेच आधी पाठवन," ती म्हणे, आणि घागर उचलून चालू लागे.

चंद्रकांता तिची एकुलती लेक. शहापूरच्या बाजूला दिली होती. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या आश्विनात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. धान लोंबीवर आलं होतं, बांध्यांमधलं पाणी आटत होतं. गोदावरीबाईने आल्याबरोबर सांगून टाकलं, की बाळंतपण मिशनमध्येच होईल.

तिचा दीर केवळराम अंगणात येऊन बसला. टोल्यात लग्न असो की मयत, पुढे चालणारा माणूस तोच. "वयनी," तो म्हणाला, "घरची पोरगी मसणाच्या वाटेवर बाळंत करते का?"

"तुमची सुईन कोयत्यानं नाळ कापते, भाऊजी. तिथं सामान उकळून घेतात."

"उकळलं म्हनजे झालं व्हय?"

"तुमच्या घरी तेवढंही होत नाई."

केवळराम हसला नाही. चंद्रकांता भिंतीला टेकून ऐकत होती. तो गेल्यावर ती म्हणाली, "मले घरीच राहू दे ना, माय. तिथल्या वासानं मले कसंतरी होते."

"दोन दिसाची गोष्ट आहे. मंग घरीच येशील ना."

हे वाक्य गोदावरीबाई पुढे कधी विसरली नाही. तिने लेकीला दिलेला तो शेवटचा शब्द होता.

मुलगी झाली. मुलगी नीट रडली, आणि त्यानंतर रक्त थांबेना. सिस्टर फिलोमिना केरळच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जे होतं ते सगळं केलं. सुया संपल्या. आणखी आणायला तुमसरला माणूस धाडला होता, तो परत यायच्या आधी चंद्रकांताचा हात आईच्या मनगटावरून आपोआप सुटला. त्या वेळचा ओरखडा मात्र उमटला नाही. तिच्या हातात तेवढा जोरच उरला नव्हता.

बाळंतपणात मेलेली बाई घरी परत येते, असं टोल्यात मानतात. ती लेकरू शोधत येते. म्हणून तिला घरी आणत नाहीत, आणि मसणातून परतताना शेवटचा माणूस आपल्या मागे वाटेवर मोहरी टाकत येतो. अंधार पडला की ती उठते आणि घराकडे निघते. पण सांडलेला दाणा उचलल्याशिवाय तिला पाऊल टाकता येत नाही. वेचता वेचता कोंबडा आरवतो आणि तिला मागे फिरावं लागतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या दाण्यापासून.

चंद्रकांताला दवाखान्यातून परस्पर मसणात नेलं. परतताना केवळराम सगळ्यांच्या मागे होता. त्याच्या मुठीतून मोहरी सांडत होती. मिशनच्या फाटकापुढून आली, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून आली आणि टोल्याच्या शिवेवरच्या मोहाच्या झाडाशी संपली. शाळेतली मुलं कुंपणाशी उभी राहून पाहत होती. गोदावरीबाई फाटकात होती, कडेवर नातीला घेऊन. केवळराम तिच्याकडे न पाहता पुढे गेला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. तो टोला राखत होता.

चंद्रकांताचा नवरा सेवकराम आला, पोरीच्या अंगावर नवं झबलं टाकून गेला, आणि परत आला नाही. गोदावरीबाईने नातीचं नाव शोभा ठेवलं.

त्यानंतर दवाखान्यातली बाळंतिणीची खोली ओस पडली. तापाचे रोगी येत, खरजेची पोरं येत, पण दिवस भरलेली बाई त्या वाटेला पाय लावेना. चंद्रकांता फाटकाजवळ बसून दाणे वेचते, असं कुणी म्हणालं. कुणाला तिची पाठ दिसली होती. कुणी म्हणे, ती मान वर करत नाही, फक्त हात पुढे करते. गोदावरीबाई रोज ती खोली पुसत असे. कोरडी फरशी पुन्हा पुसताना फडक्याचा आवाज होई, आणि तो ऐकताना तिला वाटे, बाहेर वाटेवर कुणीतरी असंच हात फिरवतं आहे.

एकदा तिने सिस्टरना विचारलं, "सिस्टर, तुमच्या देवाले मेल्यावर परत येता आलं ना?"

"हो. तिसऱ्या दिवशी."

"त्याच्या वाटेवर कोनी मोहरी टाकली नव्हती."

 सिस्टर फिलोमिना म्हणाल्या, "गोदावरी, असं काही नसतं. चंद्रकांता देवाजवळ आहे."

"मी तिले घरी आनतो म्हनलं होतं," गोदावरीबाई म्हणाली. "देवाजवळ नाई म्हनलं."

पौषात ती मोहरी फुलली. आश्विनातल्या ओलीवर दाणे रुजले होते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वाटेच्या दोन्ही कडांनी पिवळ्या फुलांची ओळ मसणातून निघून टोल्याकडे आली होती, मधे बैलगाडीच्या चाकांनी तुटलेली, पुढे पुन्हा जुळलेली. धान निघून गेलेल्या उजाड बांध्यांमधून ती दुरूनही दिसत होती. फुलांनंतर शेंगा धरल्या. गोदावरीबाईने एक शेंग नखाने उकलून पाहिली. एका दाण्याचे किती दाणे झाले होते. शेंगा तडकल्या की ते सगळे वाटेवरच पडणार होते. दरसाल हेच. तिची लेक वेचत राहणार आणि वाट लांबत जाणार.

त्याच आठवड्यात टोल्यातली एक सून अडली. घरच्यांनी तिला मिशनकडे न आणता लांबच्या रस्त्याने तुमसरला न्यायचं ठरवलं. रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, गवत घालून तिला निजवलं. बपेरा गाव ओलांडल्यावर वाटेतच ती मेली, पोटातल्या लेकरासकट. तिला मसणात नेऊन परतताना केवळरामने तिच्यासाठीही मोहरी टाकली. आणि विहिरीवर एक बाई हळूच म्हणाली, की चंद्रकांताने सोबतीण नेली.

हे ऐकून गोदावरीबाईने आपली घागर तशीच विहिरीच्या काठावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी, सगळे आपापल्या अंगणात असताना, ती मसणाच्या टोकापासून मोहरी उपटत निघाली. ती लपून काही करत नव्हती. एक एक रोप मुळासकट काढी, माती झटके आणि ओटीत घाली. आधी लेकीच्या वाटेची आणि मग त्या दुसरीसाठी नुकतीच टाकलेली, न रुजलेली मोहरीही. ती वाकून बोटांनी धुळीतून दाणे उचलत होती. माणसं जमली, पण जवळ कुणी गेलं नाही. ती तोंडाने हळूहळू बोलत होती, लहान मुलीला शाळेत नेताना आई बोलते तशी. "चाल. येचून देऊन राहिली ना तुले. थकली असशीन. चाल."

मोहाच्या झाडाशी केवळराम आडवा आला. "वयनी, काय करून राहिली तू? तिले गावात आनते का?"

"गावात नाई, भाऊजी. माझ्या घरी."

"टोल्याचा इचार कर."

"त्याचाच करून राहिली. ती वाटेवर असली तर तुमच्या सुना मरतात. ती माझ्या घरी असली तर कोनाचं काय जाते?"

 केवळराम बाजूला झाला. खरं तर तो बाजूला झाला नाही, मागे सरला, आणि तिच्या मागे जे काही येत असेल त्यालाही वाट मिळावी म्हणून आणखी थोडा सरला. गोदावरीबाई घरात गेली आणि तिने दार आतून लावून घेतलं.

ती हे खरं मानत होती की लोकांसाठी करत होती, हे टोल्यात कुणाला सांगता येत नाही. मला वाटतं, तिने ते दोन वेगळे कप्पे केलेच नव्हते.

फाल्गुनात टोल्यातल्या कौशल्याबाईची सून सुलोचना अडली. कौशल्याबाई गोदावरीच्या दाराशी आली, पण उंबऱ्यापासून हातभर लांब उभी राहिली.

"गोदावरी, घरात आहे का?"

"मी का ती?"

कौशल्याबाईला ते नाव घेववेना. "दोघीही," ती म्हणाली.

"आहो. काहून?"

"सुनेले मिशनमधी नेऊन राहिलो. तू... तिले जरा बसवून ठेव."

गोदावरीबाई साडी सावरत उठली होती, दवाखान्यात जायला. ती तशीच थांबली. ती कामाला लागल्यापासून क्वचितच एखादी बाई तिच्याशिवाय त्या खोलीत बाळंत झाली होती. ती गेली तर मागे घर उघडं राहील, आणि घर उघडं राहिलं तर ही रेंगी शिवेवरूनच परत फिरेल, हे तिला कौशल्याबाईच्या उभं राहण्यावरूनच कळलं. ती उंबऱ्यात बसली, पाठ घराकडे आणि तोंड वाटेकडे करून. रेंगी तिच्यासमोरून गेली. आत सुलोचना कण्हत होती. गोदावरीबाईचं मनगट तिच्या मांडीवर रिकामं पडलं होतं.

सुलोचनाला मुलगा झाला. दोघं जगले.

मग तोच रिवाज पडला. कुणाचे दिवस भरले की आधी गोदावरीबाईकडे निरोप जायचा, आणि ती उंबऱ्यात बसून राहायची, वाटेवरून बातमी येईस्तोवर. सिस्टर फिलोमिना पहिल्यांदा रागावल्या. दवाखान्यात हात कमी आहेत आणि ही घरी बसते. त्या स्वतः टोल्यात आल्या, तिला उंबऱ्यात बसलेलं पाहिलं, आजूबाजूच्या अंगणांतून तिच्याकडे लागलेले डोळे पाहिले, आणि परत गेल्या. पुढे दवाखान्यातूनच निरोप येऊ लागला. "गोदावरीला सांगा, आज बाळंतपण आहे. घरी बसायला सांगा." सिस्टर हे कुठल्या मनाने सांगत, ते त्यांनाच ठाऊक. बाळंतिणीची खोली मात्र भरलेली असे. गोदावरीबाईच्या मनगटावरचे ओरखडे बुजले, आणि पुन्हा उमटले नाहीत.

तिच्या हातचं पाणी टोल्यात कुणी घेत नव्हतं. लग्नाची अक्षत तिच्या दाराशी ठेवून माणसं झपाझप निघून जात. शोभा मिशनच्या शाळेत जायची. तिथे ती भिंतीशी एकटी बसे, कारण तिच्या अंगाला तिच्या आईचा वास येतो असं पोरं म्हणत. ती घरी येऊन विचारे, "आजी, माय कशी वासते?"

"धुतलेल्या लुगड्यासारखी," आजी सांगे.

संध्याकाळी घरात तीन ताटं वाढली जात. तिसरं सकाळी गाईपुढे जाई. कधी कधी त्यातला भात हाताने चिवडल्यासारखा दिसे. मांजर असेल. दरसाल आश्विनात गोदावरीबाई वाट धुंडाळे, आणि कुठेतरी एखादं चुकार रोप सापडेच. ते ती उपटून घरी आणी.

सन शहाऐंशीच्या थंडीत तिची छाती भरून आली. सिस्टरनी तिला दवाखान्यात निजवलं. शेजारच्याच खोलीत फडकी उकळल्याचा वास येत होता. सकाळी फाटकाबाहेर आवाज झाला. एका बाळंतिणीची रेंगी शिवेवर थांबली आहे, पुढे यायला तयार नाही, कारण म्हातारी घरी नाही. गोदावरीबाईने ऐकलं आणि पांघरूण दूर केलं.

"हलू नकोस," सिस्टर म्हणाल्या. "हललीस तर मरशील."

"मंग तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतात का पाहा."

सिस्टर शिवेपर्यंत जाऊन आल्या. त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनीच गोदावरीबाईच्या अंगाभोवती घोंगडी गुंडाळली, आणि दोन माणसांनी तिला खाटेवर घालून टोल्यात आणलं. ती उंबऱ्यात बसली, पाठ घराकडे, तोंड वाटेकडे. रेंगी समोरून गेली. ऊन अंगणात सरकत होतं. मूल झाल्याची बातमी घेऊन माणूस आला तेव्हा ती दाराच्या चौकटीला टेकलेली होती आणि गार झाली होती. शोभा तिच्यापुढे बसली होती, दाराच्या मधोमध.

मसणात नेताना केवळराम सगळ्यांच्या मागे चालला. तोही आता वाकला होता. म्हातारीसाठी मोहरी लागत नाही. पण त्याच्या मुठीत पुडी होती. आई गेली, आता लेकीनेही तिच्यासोबत जावं आणि परत येऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. मोहाच्या झाडाशी सुलोचना उभी होती. तिने हात पुढे केला.

"काकाजी, द्या ते."

"तुले समजत नाई, पोरी."

"माझा पोरगा तिच्या उंबऱ्यावर झाला म्हना. द्या."

त्याने दिली.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारणीने अन्न न्यायचं असतं, आणि इतक्या वर्षांत त्या घरात कुणी काही नेलं नव्हतं. संध्याकाळी सुलोचनाने आपल्या चुलीवर तेल तापवलं आणि पुडीतली मोहरी सगळी त्यात टाकली. तडतड उठली. ती वरणाचं भांडं घेऊन गोदावरीबाईच्या घरात शिरली, उंबरा ओलांडताना क्षणभर थांबून. शोभाने कंदील लावला होता. सुलोचनाने एक ताट शोभापुढे ठेवलं, एक स्वतःपुढे.

शोभा जेवेना. तिने दोन ताटांकडे पाहिलं, मग सुलोचनाकडे.

"मायचं?" ती म्हणाली.

 सुलोचना उठली, फळीवरून तिसरं ताट काढलं, त्यात भात वाढला, वर वरण घातलं. मोहरीचे काळे दाणे भातावर उठून दिसत होते. मग ती आपल्या जागी परत आली आणि दाराकडे पाठ करून बसली. मागून आलेल्या वाऱ्याने कंदिलाची वात थोडी वाकली. तिने मागे वळून पाहिलं नाही. ती जेवू लागली.