ताईने नववीला न सांगितलेलं उत्तर

ताई गेली, आणि नववीला उत्तर न सांगता गेली.

सुजाताताई, माझी थोरली बहीण. गोरेगाव नावाच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. काल पहाटे नांदेडच्या दवाखान्यात वारली.

दिवाळीनंतर तिने गॅलक्सींचे चोवीस फोटो डाउनलोड केले. मोठ्या टेलिस्कोपने काढलेले. प्रिंटसाठी गावातल्या स्टुडिओत दिले.

स्टुडिओवाला लग्नाचे अल्बम करणारा. चोवीसपैकी सहा फोटो नुसते काळे परत आले.

"मॅडम, डाग काढून टाकले. बघा, कसे साफ झाले."

"अरे बाबा, ते डागच तर शिकवायचेत मला!"

पुन्हा प्रिंट काढून ती नववीच्या वर्गात गेली.

"एक गॅलक्सी म्हातारी होताना बघायला कुणाचंच आयुष्य पुरत नाही. पण बाजारात एकाच दिवशी तान्हं लेकरू, नवरी, म्हातारा, सगळे दिसतात ना? तसे हे फोटो. वयाप्रमाणे लावा. मागे प्रत्येकीचं अंतर लिहिलंय."

पोरांनी लावले. दूरचे ते अंधूक लाल ठिपके सगळ्यात शेवटी.

"हे थकलेत, मॅडम. विझून राहिलेत."

"चूक. काहून चूक, ते तुमीच शोधा."

मग तपासण्या. नांदेड. केमो.

रोज मधल्या सुट्टीत तिचा शाळेत फोन. "लागला का क्रम?"

"न्हाई, मॅडम."

बाकीच्या शिक्षकांना ताकीद होती, कुणी सांगायचं नाही.

मी म्हटलं, "मला तरी सांग."

"तुला? पत्रकार तू, उद्या पेपरात छापून मोकळा होशील."

हसली. मग बराच वेळ खोकत राहिली.

शेवटचे चार दिवस बोलणं बंद झालं. फोन मी करायचो. ठेवला की ती भुवया उंचावून विचारायची.

मी मान हलवायचो. नाही.

काल अंत्यविधीला अख्खी नववी आली. त्यातली साखरा गावची आश्विनी माझ्याजवळ येऊन थांबली.

"काका, ते ठिपके म्हातारे न्हाईत. लेकरं हायेत. लई दूर हायेत ना, उजेड यायलाच लई काळ लागला. आपल्याला त्यांचा लहानपणचा फोटो दिसून राहिला."

बरोबर होतं. ते कळायला ताईने सांगायची गरज नव्हती.

"कधी कळलं तुला?"

"सोमवारी."

सोमवारी ताई होती. ऐकू येत होतं तिला.

"मग फोनवर का नाही सांगितलंस, बाळा?"

"मॅडम आल्यावर समोर लावून दाखवायचं होतं."

मॅडम बऱ्या होऊन येणार आहेत, असं शाळेला रोज मीच सांगत होतो.

आज सकाळी शाळेत जाऊन आलो. बाकांवर फोटो मांडलेत. मी एकेक उलटा करून अंतर तपासलं.

क्रम लागला गं, ताई.

ये आता.