आप्पांनी मागितलेलं कलम

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्या आधी आप्पांचं नाव घेतो, आणि आईला ते मान्य आहे. आप्पा म्हणजे आमच्या वस्तीतले रेल्वेवाले. दौंडला आणि त्या लाइनीवरच्या लहान स्टेशनांवर त्यांनी स्टेशन मास्तर म्हणून अख्खी नोकरी काढली. "रविवारी येतो, आप्पा," असं तुम्ही म्हणालात की ते खिशातून डायरी काढून म्हणणार, "नंबर बोला."

नंबर कुठलाही चालायचा, दोन आकडी. ही त्यांची नोकरीतली सवय. शेजारच्या स्टेशनाकडे गाडी सोडायची तर तिथल्या मास्तरानं फोनवर "लाइन क्लिअर" म्हणणं पुरत नाही. तो त्याच्या कागदावरचा एक आकडा सांगतो आणि इकडचा लिहून घेतो. मग उद्या काही झालं तर "मी म्हणालोच नव्हतो" ही सोय राहत नाही. आप्पा निवृत्त झाले, सवय झाली नाही. त्यांच्या घरी काकू तर "चहा ठेवते, चौतीस" असं एका दमात सांगून आत जायच्या.

दहावीनंतर त्यांनी मला दौंडच्या क्वार्टरमध्ये दोन वर्षं ठेवून घेतलं. आमच्या घरात फॉर्म वाचणारं कोणी नव्हतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी माझा जातपडताळणीचा कागद पुण्याच्या एका कचेरीत अडकला. आप्पा पांढऱ्या युनिफॉर्मवर तिथे गेले आणि बाकावर बसले. "साहेब, पोराचा कागद तुमच्या टेबलावर हाय. तुम्ही जेवून या, मी बसतो." साहेब जेवून आले, आप्पा बसलेलेच. दुपारी कागद सापडला. आज मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे तो त्या बाकामुळे.

निवृत्तीनंतर आप्पा गावी परतले. गावाचं नाव लिहीत नाही. मांडवगण फराट्याच्या बाजूचं, नदीकाठचं, उसाचं गाव. एका ग्रामसभेत त्यांनी विचारलं, की पाण्याची नवी पाइपलाइन आमच्या वस्तीच्या अलीकडेच का थांबली. उत्तर कोणी दिलं नाही. संध्याकाळी फोनवर उत्तर आलं: अॅडमिननं तुम्हाला ग्रुपमधून काढलं आहे.

तुमच्याही गावात असा ग्रुप असेलच. लाइट कधी येणार, पाण्याची पाळी कोणाची, बिबट्या कुठल्या उसात दिसला, मयत कोणाची, सगळं त्यावर. दवंडी बंद झाली तेव्हापासून ग्रुप हीच दवंडी. आमच्या ग्रुपचा अॅडमिन म्हणजे गावच्या विकास सोसायटीतला वजनदार माणूस. त्याचंही नाव लिहीत नाही, कारण ते वाचून त्याला बरं वाटेल.

दोन महिन्यांनी आप्पा डोळे तपासायला दौंडला गेले होते. त्याच दिवशी त्यांच्याबरोबर तीस वर्षं काम केलेला, शेजारच्या आळीतला त्यांचा पोर्टर मित्र वारला. आप्पा संध्याकाळी जीपमधून उतरले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ते तडक नदीवर गेले. तिथे आवराआवर करणारी माणसं म्हणाली, "ग्रुपवर टाकलं होतं की, आप्पा."

पुढच्या आठवड्यात ते पुण्याला माझ्या खोलीवर आले. पाणीही न घेता म्हणाले, "असं काय तरी बनव, ज्याला मालक न्हाई. कोणी कुणाला काढू शकणार न्हाई."

त्या वेळी मी आणि माझे काही मित्र सुट्टीच्या दिवशी असंच काही करायच्या खटपटीत होतो. कल्पना सोपी आहे. प्रत्येक गावानं आपला सर्व्हर ठेवायचा, कपाटावर मावेल एवढा. त्यावर गावाची माणसं, गावाच्या बातम्या. हे सर्व्हर एकमेकांशी बोलणार एका नियमावलीनं. ती नियमावली उघडी असणार. कोणीही वाचावी, कोणीही तिच्याप्रमाणे स्वतःचा सर्व्हर उभा करावा. आमच्या भाषेत तिला प्रोटोकॉल म्हणतात.

"म्हंजी लाइन क्लिअर," आप्पा म्हणाले. "माझ्या शेजारचा मास्तर आन् मी सात वर्षं बोलत नव्हतो. पोरीच्या लग्नाला बोलावलं न्हाई त्यानं. पण एक गाडी अडली का? तो नंबर सांगायचा, मी लिहायचो. शिवी मनात."

हे वाक्य मी आमच्या मंडळींना सांगितलं आणि आमचं अर्धं काम तिथे झालं. उरलेलं अर्धं फार जड गेलं. तळेगाव ढमढेऱ्याच्या मंडळींनी आमचीच नियमावली वाचून वेगळं सॉफ्टवेअर लिहिलं. पाटसच्या एका शाळामास्तरीण बाईंनी स्वतःचा फोटो पुसला, तर तो त्यांच्या सर्व्हरवरून गेला आणि तळेगावच्या सर्व्हरवर तसाच राहिला. नियमात "पुसावे" लिहिलं होतं. आम्ही तो हुकूम समजलो, तळेगावनं विनंती. आप्पा पोट धरून हसले. "नियमाचं पुस्तक एक, वाचणारे धा. तवाच तर गाड्या ठोकतात."

तरी ते चाललं. आमच्या वस्तीचा सर्व्हर आप्पांच्या घरी, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर. हळूहळू गावातलीही माणसं त्यावर येऊ लागली, कारण पाण्याच्या पाळीची बातमी तिथे खरी मिळायची. अॅडमिनचा ग्रुप ओस पडायला लागला. मग त्यानं स्वतःचा सर्व्हर उभा केला आणि जोडून घ्या म्हणून विनंती पाठवली.

आप्पांचा फोन आला. इतक्या खुशीत मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "आला का दारात? घेऊ नको."

"तुम्ही तुमच्यापुरतं नाकारू शकता, आप्पा. नियमच आहे तसा."

"माझ्यापुरतं न्हाई. कुणीच घ्यायचा न्हाई. एकानं नाकारला की सगळ्यांनी नाकारायचा, असं कलम घाल."

मला कळत होतं. मालक नसलेल्या घरात असं कलम घालणं म्हणजे मागच्या दारानं मालक आणणं. पण त्या बाकावर बसलेला माणूस मागत होता. मी कलम लिहिलं. बाकीच्या गावांनी नियमावलीची नवीन प्रत न वाचताच घेतली, माझ्यावर भरवसा ठेवून. आप्पांनी अॅडमिनला नाकारलं आणि तो सगळीकडून नाकारला गेला.

आणि खरं सांगायचं तर मला मजा आली. आजवर मला "ए पोरा" म्हणणारा अॅडमिन फोनवर "इंजिनियर साहेब" म्हणाला.

"साहेब, आमचं जोडत न्हाई वो. काय अडचण हाय?"

"काम चालू आहे," मी म्हणालो. "बघू."

हा "बघू" आमच्या वस्तीनं पिढ्यान् पिढ्या ऐकलेला. तो मी त्याला परत दिला. आठवडाभर त्याचा रोज फोन यायचा आणि मी रोज तेवढंच म्हणायचो. नोकरी लागल्याच्या दिवशी जेवण गोड लागलं होतं, त्याहून त्या आठवड्यात गोड लागलं.

मग उसात बिबट्या दिसला. मांडवगणहून इशारा निघाला आणि सगळ्या सर्व्हरवर पोचला, अॅडमिनचा सोडून. आमच्याच वस्तीतली एक बाई त्याच्या शेतावर मजुरीला. त्यानं सांगितलं म्हणून तिनं नाव त्याच्या सर्व्हरवर घातलेलं. सकाळी ती गवताला गेली आणि बिबट्यानं तिला धरलं. वाचली, पण दंडाला टाके पडले. तो हात आता खांद्याच्या वर जात नाही.

मी गावी गेलो. आप्पा फळीसमोर खुर्ची टाकून बसले होते.

"आप्पा, कलम काढायला हवं."

"तिला कुणी सांगितलं त्याच्याकडं नाव घालायला?"

"ती कामाला आहे त्याच्याकडे. ती काय म्हणणार?"

"मग घ्या तुमच्या अॅडमिनला जवळ," ते म्हणाले. मला त्यांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं. "मी नदीवर पोचलो तवा मला कुणी इशारा दिला होता?"

काकू आतून आल्या, चहा ठेवला, आकडा सांगितला नाही.

मी कलम काढलं. त्याच दिवशी आप्पांनी सर्व्हरची वायर काढली. पुढे ते दौंडला मुलाकडे राहायला गेले. माझा फोन उचलत नाहीत. फळी तिथेच आहे, तिच्यावर धूळ आहे. कागदावर लिहिलेलं आप्पा वाचल्याशिवाय टाकत नाहीत, एवढं मला माहीत आहे. म्हणून मी पोस्टानं पत्र पाठवलं. ते असं:

"आप्पांना सप्रेम जय भीम.

कलम काढलं. तळेगावनं सगळ्यात शेवटी नवीन प्रत घेतली, या वेळी वाचून. अॅडमिनचा सर्व्हर आता सगळ्यांना जोडलेला आहे. तुम्हाला राग येणार हे माहीत असून हे केलं.

माझा राग गेलेला नाही. तुम्ही नदीवरून परत आलात तो दिवस मी विसरणार नाही आणि त्यालाही विसरू देणार नाही. म्हणून दुसरा नियम घातला. आता कुठेही कोणाला काढलं किंवा नाकारलं, तर कोणाला, कोणी आणि का, हे सगळ्या गावांना एका यादीत दिसतं. पुसता येत नाही. मागच्या महिन्यात त्यानं आपल्या वस्तीतल्या दोघांना काढलं. कारणाच्या जागी नुसतं एक टिंब टाकलं. पाटसपासून तळेगावपर्यंत लोकांनी ते टिंब वाचलं. बाजारात त्याला विचारू लागले, की पाटील, टिंब म्हणजे काय. चौथ्या दिवशी त्यानं दोघांना परत घेतलं. तुम्ही तिथे असायला हवं होतं.

त्याच यादीत आपण दोघंही आहोत. त्याला नाकारलं ते तुम्ही. सगळ्यांकडून नाकारून घेतलं ते मी. माझ्या नावापुढे मी कारण लिहिलं आहे: सूड. हात अधू झालेल्या बाईनं ते वाचलं. 

तुमच्या नावापुढची जागा रिकामी आहे. यादी मी सांभाळतो, पण ती जागा मला भरता येत नाही. ती ज्याची त्यानंच भरायची, असा नियम मीच केला आहे.

आपला."