आईले दहा मानसं पायजे होते

माया सासूचं नाव रिबका. रिबका सॅमसन नागावकर. गोंदियात नाव सांगतलं का लोक विचारत, क्रिश्चन होय का? आई म्हने, "नाही हो, आम्ही बेने इस्रायल. ज्यू." तो मानूस मान हालवे अन् घरी जाऊन सांगे, क्रिश्चन होय. आईनं त्याच्यावरून कोनाशी भांडन नाई केलं. म्हने, "चार घरं असती तर भांडले असते. एका घरानं काय भांडायचं."

एकच घर होतं. माये सासरे रेल्वेच्या छोट्या लाईनीवर गार्ड होते. आई लगन होऊन कोकनातून सरळ गोंदियाच्या रेल्वे क्वाटरात आली. रिटायर झाल्यावर त्यायनं इथंच घर बांधलं. वापस काऊन नाई गेले म्हनून मी एकडाव विचारलं. आई म्हने, "ह्यांना इथला तांदूळ आवडला." बस, एवढंच.

रेल्वेचे एकटे राहनारे लोक आईजवळून डबा घेत. शुक्रवारी डबल डबा, शनिवारी चूल बंद. त्यायच्यात शनिवारी काम करत नाई. नवा कोनी शनिवारी डबा मांगाले आला तं जुने लोक त्याले रस्त्यातूनच फिरवत, "जा गा, आज बाई सुट्टीवर, देव बी सुट्टीवर."

माये मालक इसाक. त्यायचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. मी दुर्गेश्वरी, आमगावाकडच्या पोवाराची पोरगी, सातवी शिकली. आमच्या बोअरची मोटर जळली होती, ते न्याले हे आले, अन् द्याले चारडाव आले. माया भाऊ टेकचंद म्हने, "एवढं काम तं हवाई जहाजाच्या मोटरीले बी नसन लागत." लगन झालं. आईनं मले घरात घेतलं, पन पयल्याच दिवशी सांगून टाकलं.

"हे बघ दुर्गे, तू माझी सून. पण आमच्यात तू मोजली जाणार नाहीस."

मी म्हटलं, "कायले मोजता मले?"

"प्रार्थनेला. मेलेल्या माणसासाठी कद्दीश म्हणतात. त्याला दहा पुरुष लागतात, आमच्यातले. नऊ असले तरी होत नाही."

"मंग तुमी?"

"मी पण नाही. जन्माची इस्रायल आहे, तरी बायका मोजत नाहीत. आपण दोघी बाहेरच्या. चल, भाकरी टाक."

सासरे गेले तवा नागपूरवरून तीन लोक आले, कोकनातून आईचा भाऊ अन् भाचा आला. आमचे हे धरून सहा झाले. क्रिश्चन लोकायनं त्यायच्या कब्रस्तानात कोपऱ्याले जागा देल्ली. नुसतं स्तोत्र म्हटलं. कद्दीश मागून कोकनात त्यायच्या सिनेगॉगात, म्हनजे प्रार्थनेच्या घरात झालं, पन आईच्या मनातून ते गेलं नाई. म्हने, "माती पडताना ह्यांच्याजवळ दहा जण नव्हते. माझं असं नको व्हायला. मी म्हातारी झाले की तिकडे जाईन. दहा माणसांच्या गावात मरेन."

आमी हासलो. मराले कोनी टिकिट काढून जाते काय. पन आईनं खरंच काढलं. सिनेगॉगाजवळ त्यायच्या लोकायची एक खोली होती म्हाताऱ्या बायांसाठी. दोन हजार वीसच्या एप्रिलचं टिकिट होतं. त्यायचा वल्हांडन सन करून जाची होती. पेटी भरली. पांढरं कापड, जे मेल्यावर घालते, ते सगळ्यात खाली ठेवलं. मार्चमदी गाड्या बंद झाल्या.

आईनं पेटी तशीच पलंगाखाली सरकवली.

मंग तिकडून फोन आला. सिनेगॉगाले कुलूप लागलं होतं. त्यायचे हझान, म्हनजे प्रार्थना म्हनवनारे, त्यायनं ठरवलं का शुक्रवारी दिवस बुडाच्या आधी सगळ्यायनं फोनवर जमाचं. आमच्या ह्यायनं मोबाईल डब्याले टेकवून ठेवला. आईनं डोक्यावर पदर घेतला, तेलाचा दिवा लावाले ठेवला. फोनमदी येवढे येवढे चेहरे आले. कोनाचं नुसतं कपाळ दिसे. आई एकेकाचं नाव घेत होती, "ही डायनाची मुलगी ना? हा तर टकला झाला." गोंदियाले आल्यापासून आईनं आपल्या लोकायसंगं शुक्रवार नाई केला होता. आता गाव बंद झालं तं शुक्रवार घरात आला.

प्रार्थना झाल्यावर आईनं विचारलं, "हझानसाहेब, फोनवर दहा झाले तर कद्दीश होतं का?"

हझान म्हने, "रिबकाबाई, आम्ही खूप विचार केला. एका खोलीत लागतात. फोनवरचे नाही धरता येत."

आई म्हने, "बरं. विचारून ठेवलं."

त्यायनं अजून एक केलं होतं. जे म्हातारे होते, एकटे होते, त्यायच्या जोड्या लावल्या. एकानं दुसऱ्याले दर गुरवारी फोन कराचा, जेवला का, गोळी घेतली का, किराना आहे का विचाराचं. नसला तं पोरं जाऊन दारात ठेवून येत. आईच्या जोडीले हसकेल काका आले. ते रिटायर ड्राफ्समन. बायको वारली, पोरं इस्रायल देशात. फ्लॅटमदी एकटे.

आई फोन लावे अन् पयलंच विचारे, "हसकेल, आहेस का अजून?"

"आहे बाई. तुझे दहा व्हायचेत ना. मी गेलो तर नऊच राहतील."

"मग गोळी घे. आज काय केलंस?"

"मॅगी."

"काल?"

"मॅगी."

"तू कोरोनानं नाही, मॅगीनं मरशील. तांदूळ धू. मी धरते फोन. धुतलास? आता बोटाच्या पेराएवढं पाणी घाल. तुझ्या बोटाच्या नाही, तुझं बोट बांबूसारखं आहे."

असं आईनं त्यायले फोनवरून भात शिकवला, मंग खिचडी, मंग आंबट वरन. मी बाजूले सूप घेऊन तांदूळ पाखडत बसत होती. मले तं कंटाळा यायचा एवढ्या बोलन्याचा.

दिवाळीनंतर गाड्या थोड्या थोड्या सुरू झाल्या. आई पेटी काढे, ठेवे. हसकेल काकायनंच अडवलं, म्हने, "आता येऊ नकोस. आमच्यातलेच पाच गेले. दहा जमवताना इकडेच मारामार." मंग पुढच्या एप्रिलचं टिकिट काढलं. त्या एप्रिलमदी काय झालं ते सगळ्यायले माहीत आहे. गोंदियात ॲम्ब्युलन्सचा आवाज थांबत नवता.

आईले ताप आला. ऑक्सिजन खाली आलं. दवाखान्यात बेड भेटला. आत नेत होते तवा आई मले म्हने, "आज गुरुवार. हसकेलला फोन तू कर." मी म्हटलं, "काय बोलू?" आई म्हने, "आहेस का अजून, एवढंच विचार. पुढचं तो बोलतो."

मी केला. तुमी कोन, त्यायनं विचारलं. मी म्हटलं, दुर्गेश्वरी, सून. ते म्हने, कोनत्या दवाखान्यात आहे?

आई सोमवारी सकाळी गेली. मले रडू नाई आलं. मी दवाखान्याच्या बाहेर उभी होती, माया हातात आईची चष्म्याची डबी होती, अन् मी तिचं बटन लावून राहिली, खोलून राहिली.

तवा सगळ्यायले जाळून राहिले होते. ह्यायनं साहेबायजवळ जाऊन हात जोडले, आमच्यात जाळत नाई, मातीच द्याची आहे. त्यायनं परवानगी देल्ली, खड्डा खोल करा म्हटलं, वीस लोकायच्या वर नको म्हटलं. वीस कुठून येते? नागपूरवाल्यायच्या घरीच दोघं आजारी होते. कोकनातून येनं होनार नवतं. ह्यायनं हझानले फोन केला. हझान म्हने, "तू एकटा स्तोत्र म्हण. मी फोनवर असेन."

मी टेकचंदले फोन करून सांगतलं का आई गेली, दुपारी माती आहे, तू येऊ नको, बिमारी आहे. तो बरं म्हने अन् फोन ठेवून देल्ला.

आमी कब्रस्तानात गेलो. आई प्लास्टिकमदी होती. आंघोळ नाई, काही नाई. पांढरं कापड ह्यायनं वरूनच टाकलं. कीटवाल्या चार पोरायनं आईले खाली उतरवलं. जेसीबीवाला बाजूले बिडी पिऊन राहिला होता, त्याले माती ढकलून दुसरीकडं जाचं होतं.

तवा फाटकाजवळ धानाचा टेम्पो थांबला. टेकचंद उतरला. त्याच्या मागून केवळराम उतरला, तो आमच्या शेजारचा, अन् मंग अजून उतरतच राहिले. सगळ्यायनं तोंडाले दुपट्टे बांधले होते. टेकचंद दुरूनच आवाज दे,

"जवाई, दहा आनले गा! मले धरून बरोबर दहा. म्हना आता तुमची प्रार्थना!"

आई दरसाल आमच्या गावाले मंडईले, म्हनजे दिवाळीनंतरच्या जत्रेले येत होती. दहा मानसायची गोष्ट तिनं तिथं सगळ्यायले सांगतली होती. कोनची मानसं, ते कोनाच्या ध्यानात नाई राहिलं.

मले वाटलं, म्हनून टाका, कोनाले काय समजते. पन ह्यायले खोटं जमत नाई. म्हने, "टेकचंद, आमचेच लागतात ते. आमच्यातले."

टेकचंद थांबला. म्हने, "मंग आमी कोन होय?"

जेसीबीवाल्यानं बिडी विझवली, म्हने, "भाऊ, टाकू का माती?"

ह्यायच्या हातात फोन सुरूच होता. त्याच्यातून हसकेल काकायचा आवाज आला. ते बी जोडले होते हे आमाले माहीत नवतं.

"इसाक, त्या मशीनवाल्याला थांबव. मशीननं माती नको. माणसांनी टाकायची असते. हझानसाहेब, मातीला कोण चालतं?"

हझान म्हने, "मातीला मोजत नाहीत. जो आला तो टाकू शकतो."

"ऐकलंत ना? मग टाका. आणि फावडं हातातून हातात देऊ नका. आपली टाकून झाली की जमिनीवर ठेवायचं, पुढच्यानं उचलायचं."

केवळराम म्हने, "कोरोनाचा नियम होय का?"

हे म्हने, "नाई. जुनाच आहे. मरन एकानं दुसऱ्याच्या हातात देऊ नाई म्हनून."

"बराच हाय मंग," केवळराम म्हने अन् त्यानं फावडा उचलला.

आधी ह्यायनं टाकली. मंग टेकचंदनं. मंग सगळे. दुपट्ट्याचं टोक डोक्यावर घ्याचं, माती टाकाची, फावडा खाली ठेवाचा. ऊन मस्त तापलं होतं. जेसीबीवाल्यानं इंजन बंद केलं, मंग फक्त फावड्याचा आवाज. ह्यायनं स्तोत्र म्हटलं, मराठीतच. कद्दीश नाई म्हटलं. टेकचंदनं विचारलं, "झालं का?" हे म्हने, "मातीचं झालं. ते दुसरं बाकी आहे." टेकचंद म्हने, "मंग ते आमच्याच्यानं होत नाई तं आमी तिकडं पोचवून देतो तुमाले, टेम्पो आहेच." आमचे हे पयल्यांदा रडले.

मले तवाबी नाई आलं.

पाच दिवसानं केवळरामले ताप आला. त्याची बायको मले फोनवर शिव्या दे, "तुया सासूच्या मातीले गेला माया मानूस!" मी ऐकून घेतलं. ते खरंच होतं. मले वाटून राहिलं होतं का केवळराम गेला तं मी गावाले तोंड कसं दाखवू. तो आयतवार, सोमवार, मंगळवार, मले त्याच्याशिवाय दुसरं सुचलं नाई. आईचं बी नाई सुचलं.

गुरवारी हसकेल काकायले फोन केला. आहे का अजून, विचारलं. आहे म्हने. मी केवळरामचं सांगतलं. ते म्हने, "त्याच्या आईचं नाव काय?"

मी म्हटलं, "कायले पायजे?"

"आजारी माणसासाठी प्रार्थना करतात ना, ती आईच्या नावानं असते. बापाच्या नाही. त्याला आपला-परका असं काही नसतं, कोणासाठीही करता येते."

आता केवळरामच्या मायचं नाव कोनाले माहीत? ते मरून जमाना झाला. त्याच्या बायकोले नाई माहीत, ते तिले माय म्हनत होती. टेकचंदनं म्हाताऱ्यायले विचारलं. एका बुढीनं सांगतलं, सुखवंता.

शुक्रवारी दिवस बुडाच्या आधी ह्यायनं मोबाईल डब्याले टेकवला. मी बी बसली. आईच्या जागेवर नाई, बाजूले. हझान एक एक आजारी मानसाचं नाव घेत होते. मोझेस बेन सारा. डॅनियल बेन लिली. बेन म्हनजे पोरगा. मंग म्हटलं, केवळराम बेन सुखवंता. सगळे लहान लहान चेहरे आमेन म्हने. एक बुढा विचारून राहिला, "हा कोण? आपल्यात नवा आहे का?" हसकेल काका म्हने, "रिबकाच्या मातीचा माणूस. म्हण आमेन." बुढा आमेन म्हने.

मी केवळरामले फोन लावला. तो दवाखान्यात पालथा झोपून होता, आवाज निघत नवता. मी सांगतलं. तो म्हने, "माया मायचं नाव? तिकडच्या लोकायनं घेतलं?"

"हो."

"बरोबर घेतलं का? सुखवंताच ना?"

"सुखवंताच."

"मायचं नाव तं मीच भुललो होतो बाई," तो म्हने. मंग खोकला.

त्याचा ताप उतरला. कायनं उतरला मले माहीत नाई, सुया बी सुरूच होत्या. त्याच्या बायकोनं अजून माया फोन उचलला नाई. तिकडच्या सिनेगॉगाचं कुलूप उघडल्यावर आमचे हे जाऊन कद्दीश म्हनून आले. टेकचंदनं विचारलं, "झाले का दहा?" हे म्हने, "तेरा होते." टेकचंद म्हने, "तीन फालतूच बसले मंग." हे हासले.

मी अजून दर गुरवारी हसकेल काकायले फोन करते. ते भात करते म्हने, चांगला होते म्हने आता.