सात घरांचे पंखे आणि माझं एक फर्मान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही फजिती दुसऱ्या कुणाची नाही, माझीच आहे. गेवराईत ती सगळ्यांना माहीत आहे, पण जो तो आपल्या पदरचं घालून सांगतो. म्हटलं, केलीय आपण, तर सांगावीही आपणच!

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षाला सोडला. कावून सोडला? सर फळ्यावर ट्रान्झिस्टर काढायचे आणि आम्ही तो वहीत उतरवायचो. दीड वर्षात खरा ट्रान्झिस्टर कुणी हातात दिला नाही. अरे, चित्रकलाच शिकायची होती तर मी बैल काढले असते!

सोडला खरा, पण राहायचं कुठं? आमच्या कॉलनीत! ओळीनं सात घरं, भिंतीला भिंत, आणि सातही घरांत रिटायर मास्तर. आमचे दादा, म्हणजे वडील, तेही त्यातलेच. सकाळी दूध आणायला निघालो की पिशवीत अर्धा लिटर दूध आणि डोक्यात चार लिटर उपदेश. आणि हेच लोक मोबाईलचा आवाज बंद झाला की माझ्याकडे येणार. दहा वेळा दाखवा, अकराव्यांदा पुन्हा तेच. म्हातारी माणसं ऐकतच नाहीत, हे माझं ठाम मत होतं.

दादांचा बाजारात एक गाळा रिकामा पडलेला. मला तिथं दुकान टाकायचं होतं. घरातला टीव्ही, पंखा, दिवा, सगळं एकाच रिमोटवर आणून द्यायचं. दादा म्हणाले, "आधी कॉलनीत करून दाखव. जोगदंड सर 'चांगलं' म्हणाले तर गाळा तुझा. न्हाईतर जूनमध्ये गप कॉलेजला जायचं."

जोगदंड सर म्हणजे आमच्या कॉलनीतले माजी हेडमास्तर. पहिल्या आलेल्या पोरालाही 'अक्षर सुधार' म्हणणारा माणूस! त्यांच्या तोंडून 'चांगलं' काढायचं म्हणजे दगडातून पाणी काढायचं.

मी बीडहून सगळ्या कंपन्यांना चालणारा एक रिमोट आणला. टीव्ही झटक्यात लागला. पंखा काही हलेना. पंख्याच्या रेग्युलेटरजागी मी बिनतारी डबी बसवली होती, दिवाही तिच्यावरच; तिचा स्वतःचा रिमोट चालायचा. हा मात्र नाही. मी स्टुलावर चढून रिमोट पार पंख्याच्या नाकाला लावला.

"कानात घाल त्याच्या," दादा खालून म्हणाले.

गंमत बघा, दादांचा टोमणाच बरोबर निघाला! टीव्ही दुरुस्त करणारे सलीमचाचा आहेत ना, त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "बेटा, टीव्हीला डोळा असतो. रिमोटचा न दिसणारा उजेड त्याला दिसावा लागतो. ही डबी आंधळी हाय, पण कान लई तिखट. भिंतीपलीकडूनबी ऐकती. दोन्ही भाषा बोलणारा रिमोट घे."

"अन् जोडायचा कसा?"

"मेन बंद करून चालू कर. करंट आला की पाच-सहा सेकंद डबी नवा मालक शोधती. तेवढ्यात बटन दाबून धर, जोडला. अन् मंग एक बारकं काम..."

"समजलं चाचा, समजलं!" मी गाडीला किक मारलीसुद्धा.

आठवड्यात सातही घरं झाली. एकेका घरात एकेक रिमोट. सोफ्यावर बसून टीव्ही, पंखा, दिवा! मी छाती काढून हिंडायला लागलो.

मग लाइट जायला लागली. आपल्याकडं ती जातेच. ती परत आली की पंखा बंदच राहायचा, रिमोटनं सुरू करावा लागायचा. आणि आमची मंडळी बटन असं दाबायची जणू त्याला गुदगुल्या करतायत. पंखा लागला नाही की फोन मला. एका दुपारी तर ताटावरून तीनदा उठलो. डोकंच फिरलं. कॉलनीच्या फाटकाशी सगळ्यांना गोळा केलं आणि ओरडून सांगितलं, "लाइट आली की लगेच बटन दाबून धरायचं! दाबून! लगेच सोडायचं न्हाई! समजलं?"

सगळे आपापल्या घराकडं वळले. म्हटलं, गेलं पालथ्या घड्यावर पाणी.

रविवारी जोगदंड सरांच्या बैठकीत परीक्षा. दोनपासून लाइट नव्हती, माझ्या फर्मानानंतर पहिल्यांदाच गेलेली. सर, दादा आणि मी घाम पुसत बसलेलो. चारला लाइट आली. सरांचं बोट बटनावर होतंच, पंखा फिरायला लागला. सरांनी वेग चारवर नेला. वारं आलं. सरांची मान होकारार्थी हलायला लागली, आणि पंखा आपोआप एकवर!

सरांनी पुन्हा चारवर नेला. पुन्हा एक.

तिसऱ्यांदा पंखा राहिलाच बाजूला, दिवा लागला.

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "कोण बे माझा पंखा पळवतंय?" पलीकडून दुसरा, "आमचा दिवा कुणी घालवला?" पाच मिनिटांत सगळी कॉलनी दारात, प्रत्येकाच्या हातात रिमोट. जो तो दाबतोय, आणि सातही घरांतले पंखे एकदम पळतायत, एकदम थांबतायत. कवायतच! फक्त टोकाच्या घरातले थोरात गुरुजी, मे महिन्यातही कानटोपी घालणारे, ओट्यावर शांत बसलेले.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप्प बसून विचार. मी काय केलं? भाषण!

"सर, तुमची बोटं थरथरतात, दोनदा दाबलं जातं! अन् तुमी सगळे, एक बटन धड दाबता येत न्हाई? आयुष्यभर पोरांना छड्या मारल्या, स्वतः काय शिकलात?"

दादांनी मान खाली घातली आणि सलीमचाचांना फोन लावला.

चाचा आले. पहिला प्रश्न, "टीव्ही कसे हायेत?"

"टीव्ही ज्याचा त्याचाच चालतोय," सर म्हणाले.

"मंग ही कानाचीच भानगड. करंट आला तवा बटन कुणी कुणी दाबून धरलं होतं?"

वर्गात वर करावेत तसे सगळ्यांनी हात वर केले.

"मी तर लाइट यायच्या आधीपासूनच दाबून बसलो होतो," जोगदंड सर म्हणाले. "चुकायला नको म्हणून."

"या अल्ला! असं सांगितलं कुणी?"

सर चाचांना फाटकापाशी घेऊन गेले. तिथल्या सूचनाफलकावर, सरांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, खडूनं लिहिलेलं: 'वीज येताच कळ दाबून धरावी. लगेच सोडू नये. – चि. पवनच्या सांगण्यावरून.'

चि. पवन म्हणजे मीच.

कळलं ना काय झालं? लाइट सगळीकडं एकदम आली. डब्या एकदम मालक शोधायला लागल्या आणि रिमोट भिंतीपलीकडं एकदम ओरडायला लागले. प्रत्येक डबीला सात-सात मालक! चाचांनी डबी उघडून कोपऱ्यातली नखाएवढी कळ दाखवली. "जोडून झालं की ही सरकवायची. मंग डबी दुसऱ्याचं ऐकत न्हाई. हेच सांगत होतो त्या दिवशी, तर तू किक मारली."

मास्तरांनी माझा शब्दन् शब्द ऐकला होता, वर फळ्यावरही लिहिला होता. अर्धं ऐकून पळालेला कॉलनीत एकटा मी!

बाकीच्यांचे मेन बंद ठेवून मी आणि चाचांनी एकेक घर नव्यानं जोडलं, ती कळ सरकवली. शेवटी सरांच्या बैठकीत आलो. सरांनी वेग चारवर नेला. पंखा चारवरच राहिला.

मी म्हणालो, "सर, चूक माझी होती. तुमची बोटं बरोबर होती."

सर पंख्याकडं बघत म्हणाले, "चांगलं."

पंख्याला म्हणाले की मला, कोण जाणे! दादांनी विचारत बसायची जोखीम घेतली नाही. खिशातून गाळ्याची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

दुकान सुरू झालंय. चाचा आठवड्यातून दोनदा येऊन बसतात, आणि आता मी त्यांचं वाक्य पूर्ण ऐकतो. पण पहिलं गिऱ्हाईक कोण आलं असेल? थोरात गुरुजी, कानटोपीसकट! इकडंतिकडं बघितलं आणि हळूच रिमोट काउंटरवर ठेवला.

"बिघडला का गुरुजी?"

"न्हाई रे. ते पहिल्यासारखं करून दे. बाजूच्यांनी पंखे जोरात लावले की मला बघूनच हुडहुडी भरती. त्या दिवशी सगळ्यांचे एकवर आणले होते मी."

"म्हंजे ते तुमी होता? तुमाला कळलं होतं?"

"दुसऱ्यांदा दाबलं तवाच."

"मग बोलला कावून न्हाई?"

"तू भाषण करत होतास ना बाळा. मधी कसं बोलावं?"