न काढलेली झेरॉक्स

जोयड्याला बसस्टँडच्या वरच्या अंगाला माझं दुकान हाय. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, रिचार्ज, पासपोर्ट फोटो. भिंतीवर मी एक कागद चिकटवलाय, मराठीत आन कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरात: गाडी विकताना घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स घ्या. तारीख आन वेळ घालून त्याची सही घ्या. आरटीओत नाव बदलल्याबिगर तुमचं नाव सुटत न्हाई. लोक वाचतात आन हसतात. "गुणा, धंदा चालावा म्हणून लिवलंस व्हय रे?" माझ्या डोक्यात तिडीक जाते. दोन रुपयांच्या झेरॉक्ससाठी मी भिंत खराब करीन व्हय? तो कागद लखूमामासाठी हाय. त्याला उशीर झाला, ही गोष्ट येगळी.

लखूमामा म्हणजे दिग्गीचा लखू गावडा. माझा सख्खा मामा न्हवं, पण अर्धं जोयडा त्याला मामाच म्हणतं. साठीचा माणूस, कुणब्याचं घर, थोडं भात आन एक जुनी जीप. दिग्गीची बस कधी येते कधी येत न्हाई, त्यामुळं गावाचं सगळं मामाच्या जीपवर. बाळंतीण आणायची मामानं, रेशनचे तांदूळ न्यायचे मामानं. दोन भाऊबंद वाटणीवरनं भांडत कचेरीला निघाले तरी दोघं त्याच जीपमध्ये, एक पुढं, एक मागं, आन मामा दोघांनाही शिव्या घालत गाडी चालवणार.

बावीस वर्षं चालवली त्यानं. गर्व एकाच गोष्टीचा: "बावीस वर्षांत एक कोंबडी न्हाई चिरडली, गुणा." हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. रस्त्यात साप आडवा आला तरी गाडी उभी करायचा. मागची माणसं बोंबलायची, बस चुकंल म्हणून. हा आपला शांत. "जाऊंदे रे त्याला, त्याचंच घर हाय ह्ये."

गेल्या वर्षी डोळ्यांचं निघालं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं जातं, आन गेलेलं परत येत न्हाई. डॉक्टरच्या कागदाची झेरॉक्स मीच काढली. मामानं कागद खिशात घातला आन तिथंच उभ्या उभ्या म्हणाला, "जीप विकायची."

"अरे मामा, दिवसाउजेडी हळूहळू चालव की. एवढं काय?"

"आन बाजूनं एखादं पोर धावत आलं तर? मला दिसायचं न्हाई ते."

एवढंच बोलला. आपल्या हातनं कुणाचा जीव जाऊ नये, म्हणून त्यानं जीप विकायला काढली. ह्ये तेवढं ध्यानात ठेवा तुम्ही.

फोनवर जाहिरात टाकली ती मीच. फोटोसाठी जीप व्हाळात धुऊन आणली, रुक्मामामीनं बॉनेटला झेंडूची माळ घातली. मामा शेजारी बसून मला लिहायला लावत होता: डाव्या अंगाचं दार दोरीनं बांधावं लागतं, दुसरा गिअर हट्ट करतो. मी म्हटलं, "मामा, जाहिरातीत कोण दोष लिहितं रे? तुला जीप विकायची हाय का घरात पुजायची हाय?" तर म्हणाला, "दार उघडून कोण पडलं म्हणजे? लिव तू." लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू. एक म्हणाला मी सैन्यात हाय, जीप न बघताच घेतो, लॉरी पाठवतो, तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला कोण कोड स्कॅन करतं हो? मी त्याला कन्नडमध्ये असं काही झाडलं की फोनच ठेवला त्यानं. आणखी एकानं मामाच्या फोनवर आलेला ओटीपीचा नंबर मागितला, त्यालाही हाकलला. दोन दिवस मी दुकानात छाती फुगवून सांगत होतो, असले भामटे मला फसवतील व्हय! फोनवरच्या चोरावर माझी नजर होती. दारातनं आलेल्याकडं कुणी बघितलं?

तो स्वतः आला. रोहन म्हणाला नाव. तिशीतला, चौकड्याचा शर्ट, बोलायला गोड. म्हणाला खानापूरकडं शेत हाय, माल न्यायला गाडी पायजे. मामाबरोबर दिग्गीला गेला, जीप चालवून बघितली, दुसऱ्या गिअरला हसला. मामी तरी सोडती व्हय त्याला उपाशी? भात, कुळथाची कढी, वर लोणचं. दोनदा वाढून घेतलं म्हणे त्यानं. मग दोघं जीप घेऊन खाली माझ्या दुकानात आले. पैसे रोख दिले, एक पैसा कमी न्हाई. मामानं फॉर्मवर सह्या केल्या. नाव बदलायचं काम मी पंधरा दिवसांत दांडेलीच्या आरटीओत जाऊन करतो, असं रोहन म्हणाला.

मी म्हटलं, "आधार द्या. झेरॉक्स काढतो."

त्यानं पाकीट काढलं. कार्ड अर्धं बाहेर आलेलं मी बघितलंय, ह्या डोळ्यांनी. मशीन गरम होती. आन मामानं माझं मनगट धरलं.

"पावण्याला कागद मागतोस? माझ्या घरी जेवलाय तो."

"मामा, जेवण येगळं, ह्ये येगळं."

"बैल विकताना झेरॉक्स काढतो व्हय आपण?"

आता ह्ये सांगायला पायजे. ह्या कुणब्यांच्यात जनावर विकलं की दाव्यात गवताची काडी धरून दावं घेणाऱ्याच्या हातात द्यायचं. दिलं की पाठ फिरवायची. जनावर दिसेनासं होईस्तवर वळून बघायचं न्हाई, आन ते कुठं चाललंय, कुणाच्या गोठ्यात, ह्ये विचारायचं न्हाई. विचारलं तर त्याचा जीव जुन्या घरात अडकतो, नव्या दावणीला ते चारा खात न्हाई. मामानं हयातीत जेवढी जनावरं विकली ती अशीच. त्याच्या मनात जीप काही येगळी नव्हती.

मला आला राग. चारचौघांत माझा हात धरतो म्हणजे काय! मी म्हटलं, "तुझं तू बघ बाबा," आन खटकन मशीन बंद केली. रोहननं कार्ड परत पाकिटात सारलं. त्या रागाचं मी आज काय करू, सांगा मला.

मामानं दुकानासमोरची गवताची एक काडी उपटली, चावीबरोबर त्याच्या तळहातावर ठेवली आन पाठ फिरवली. तोंड माझ्या दुकानाकडं. जीप सुरू झाली, दुसऱ्या गिअरला कण्हली, वळणापलीकडं गेली. मामाचे डोळे मिटलेले.

"गेली?"

"गेली."

मग डोळे पुसले आन चहा मागितला.

पंधरा दिवसांनी मी त्या रोहनला फोन केला. करतो, करतो, म्हणाला. महिन्यानं केला तर फोन बंद. मामाला सांगितलं तर म्हणाला, "शेताच्या कामात असंल." मीही सोडून दिलं. दांडेलीला जाऊन एक अर्ज तरी द्यायचा होता मी, की बाबांनो जीप विकली हाय. लोकांचे अर्ज दिवसभर भरतो, हा एक न्हाई भरला.

चौथ्या महिन्यात मामा पोस्टानं आलेला कागद घेऊन आला. कन्नडमध्ये होता, त्याला वाचता येत न्हाई. मी मनातल्या मनात वाचायला लागलो. रामनगरजवळ संध्याकाळी जीपनं सायकलवाल्याला उडवलं. माणूस मेला. जीप पुढं दोन वळणांवर टाकून चालवणारा पळाला. जीपचा मालक, लखू गावडा, दिग्गी.

"काय लिवलंय?" मामा विचारतोय. मी दोनदा पाणी प्यालो. मग सांगितलं. मामा बाकड्यावर बसला आन आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघायला लागला.

ठाण्यात मी बरोबर गेलो. साहेब वाईट नव्हता, चहाही दिला. पण विचारणार ते विचारणारच.

"जीप कुणाला विकली?"

"रोहन म्हणून होता."

"आडनाव? गाव? कागद?"

"न्हाई."

"जीप घेऊन कुठल्या बाजूला गेला?"

"मी पाठ फिरवलेली, साहेब," मामा म्हणाला.

साहेबानं माझ्याकडं बघितलं. वळणापलीकडं गेली, एवढंच मला ठाऊक. मी ते गवताच्या काडीचं सांगायला गेलो आन मधीच थांबलो. ठाण्याच्या टेबलावर ती गोष्ट मलाच खुळ्यासारखी वाटायला लागली. फोन नंबर शोधला त्यांनी. सिम एका मेलेल्या म्हातारीच्या नावावर निघालं. साहेब म्हणाला, "मालकानं चालवणाऱ्याचं नाव दिलं पायजे. न्हाई दिलं तर मी काय समजायचं?" आठ दिवसांची मुदत दिली.

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "त्या माणसाच्या घरी जायचंय मला."

"खुळा झालास? मारतील तुला!"

"मारूंदेत."

गेलो. काय करणार? एकटा कसा सोडू? रामनगरच्या शेवटाला दोन खोल्यांचं घर. मेलेला माणूस अर्जुन, सायकलवरनं दूध घालायचा. भिंतीवर त्याचा फोटो, हार अजून ताजा. त्याची बायको मंगल दारातच बसली होती. मी सगळं सांगितलं, जीप कशी विकली, फसलो कसे, ह्यांचे डोळे कसे गेलेत. ती ऐकत होती का न्हाई कोण जाणे. आत बसा म्हणाली न्हाई, जा म्हणूनही म्हणाली न्हाई. मग बोलली ती मामाकडं बघून.

"तो खाली उतरला होता. पलीकडच्या शेतातल्या बाईनं बघितलं. उतरला, वाकून बघितलं, ह्यांनी पाणी मागितलं, आन हा निघून गेला. रोज सकाळी उठून मी त्याला शिव्या घालते. पण कुणाच्या नावानं घालू? मला पैसे नकोत काका. त्याचं नाव तेवढं द्या."

मामाचे ओठ हालत होते. मला वाटलं रोहन म्हणेल. पण ते नाव खोटं, ह्ये त्यालाही कळून चुकलं होतं. खोट्या नावाला शिव्या घालून त्या बाईला काय मिळणार होतं?

"लखू," मामा म्हणाला. "लखू गावडा. दिग्गीचा."

"मामा!" मी ओरडलो. "अहो, ह्यांनी न्हाई चालवली! ह्ये त्या दिवशी दिग्गीत होते, घरात! सगळं गाव सांगंल!"

मंगलनं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. उठली, मामाच्या समोर आली आन जे सुरू झाली! तुझं वाटोळं होवो, तुझ्या घरात दिवा लावायला कोण न राहो, पाणी पाणी करत मरशील. मामा हात जोडून उभा होता. ती दमून खाली बसली, रडायला लागली, तेव्हाच तो वळला. बसमध्ये मी त्याला नको नको ते बोललो. खिडकीकडं तोंड करून म्हणाला, "झेरॉक्स मी काढू दिली असती तर तिला खरं नाव मिळालं असतं. मग ह्या शिव्या कुणाच्या, गुणा?"

आठव्या दिवशी ठाण्यात जाऊन तेच सांगितलं त्यानं, मीच चालवत होतो. मी धावत डॉक्टरचा कागद घेऊन गेलो, माझ्याच दुकानातली झेरॉक्स. म्हटलं, साहेब, बघा, ह्या माणसाला बाजूचं दिसत न्हाई, हा जीप चालवीलच कसा? साहेबानं कागद दोनदा वाचला.

"म्हणजे डोळे असे असताना गाडी रस्त्यावर काढली?"

तो कागद त्यानं फायलीत लावला. वाचवायला नेला होता मी.

आता केस चाललीय. दिग्गीची दहा माणसं साक्ष द्यायला तयार हायत, वकील म्हणतो बघू. पण मामा आपलं म्हणणं फिरवत न्हाई. "मंगलला सांगितलंय मी," एवढंच म्हणतो. रुक्मामामी एकदा दुकानात आली होती, काउंटरला धरून उभी राहिली आन म्हणाली, "दोनदा वाढलं रे मी त्याला. मागितलं न्हाई तरी वाढलं."

तारखेच्या दिवशी मामा पहाटेच घरातनं निघतो. आता दिग्गीत जीप न्हाई, बस न्हाई आली तर चालतच येतो. आधी माझ्या दुकानात. आपलं आधार कार्ड काढतो, चाचपडत मशीनच्या काचेवर पालथं ठेवतो.

"मामा, मागच्या तारखेला काढलीय की. कोर्टात दिलीय."

"काढ रे. कुणी मागितली तर असूंदे."

मी काढतो. मशीनचा उजेड त्याच्या तोंडावरनं सरकत जातो, डोळा हालत न्हाई त्याचा. झेरॉक्सची घडी घालून खिशात ठेवतो. बावीस वर्षांत एक कोंबडी न्हाई चिरडली, ह्ये आता त्याच्या तोंडून येत न्हाई. एकदा मीच म्हणालो, ह्ये वकिलाला सांगू या. तर म्हणाला, "ते नको सांगू आता. मंगलला वाईट वाटंल."